रात्री दोनची झोप अकरावर कशी आणावी

रात्री दोनला झोपणारा माणूस एक दिवस ठरवतो, आज दहालाच आडवं व्हायचं. दिवा मालवतो, कुशी बदलतो आणि साडेबाराला मोबाइल पुन्हा हातात. यात आळस नाही की निर्धाराची कमतरता नाही. रोजच्या झोपेआधीचे दोन-तीन तास मेंदूतलं घड्याळच आपल्याला जास्तीत जास्त जागं ठेवतं. म्हणून सुरुवात सकाळकडून करायची.

हे घड्याळ म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे वरच बसलेला सुमारे 20 हजार पेशींचा पुंजका. त्याचा दिवस बहुतेकांत 24 तासांहून थोडा मोठा असतो, त्यामुळे मोकळं सोडलं की ते रोज थोडं उशिराकडे घसरतं. त्याला जागेवर आणतो तो उजेड.

1. सुट्टीच्या दिवशी गजराविना कधी जाग येते ते पाहा. समजा, दहा.

2. गजर साडेनऊचा लावा. दोन-तीन दिवसांनी नऊ, मग साडेआठ. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी पाचला उठून लख्ख उजेडात बसू नका. नेहमी जाग येते त्या वेळेच्या साधारण दोन तास आधी शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. त्याच्यानंतरचा उजेड झोप लवकर आणतो, आधीचा उलट आणखी उशिरा ढकलतो. म्हणजे कष्ट करून काम बिघडायचं!

3. उठल्या उठल्या चहाचा कप घेऊन गच्चीवर किंवा अंगणात अर्धा तास. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं उजेडात असायचं. घरात ट्यूबलाइटखाली जेमतेम दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात. बाहेर ढगाळ श्रावणातही हजारांनी. आपल्याला घर ‘उजेडाचं’ वाटतं, घड्याळाला नाही.

4. झोपायच्या दोन तास आधी ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. अंधारल्यावर मेंदूत मेलाटोनिन हे रात्र झाल्याचा निरोप देणारं संप्रेरक पाझरू लागतं, प्रखर उजेड ते थोपवतो. सगळे मोबाइलला बोल लावतात, पण डोक्यावर जळणारी ट्यूब कुणाला दिसत नाही. मेलाटोनिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

5. शेवटचा चहा चारला. त्यातलं निम्मं कॅफिन शरीराबाहेर जायलाच पाचेक तास लागतात.

6. डोळा जड झाल्यावरच अंथरुणात शिरा. गजर लवकरचा झाला की झोपही दोन-चार दिवसांच्या अंतराने त्याच्यामागून येते.

रात्रपाळीवाल्यांना ही वेळापत्रकं लागू नाहीत, त्यांचं गणित वेगळं.

आणि रविवार! आठवडाभर कमावलेलं इथेच जातं. बारापर्यंत लोळलात की सोमवारी पुन्हा पहिल्या पायरीवर. फार तर पाऊण तास जास्त झोपा. उरलेली भरपाई जेवणानंतरच्या वीस मिनिटांच्या वामकुक्षीत, तीही तीनच्या आत.