नॅनो शेतात आणि विज्ञान प्रदर्शनात: या चुका टाळा

नॅनोतंत्रज्ञान म्हणजे मीटरच्या अब्जांशांत मोजायच्या अतिसूक्ष्म कणांचं तंत्र. ते शेतीत वापरलं जातं आणि शाळेच्या प्रकल्पातही करता येतं. फसतं ते बहुधा एकाच जागी: तुलनेसाठी बिननॅनोचं काही ठेवलेलंच नसतं.

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की पुण्यातल्या शाळांत कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये घालून चांदीचे नॅनोकण करायचा प्रयोग हमखास असतो. द्रावण तपकिरी झालं की मुलं फलक रंगवायला घेतात. पण नुसता अर्क उघडा ठेवला तरी काळपटतो. म्हणून शेजारी नुसत्या अर्काची परीक्षानळी हवीच. लेझरचा झोत द्रावणात दिसला, एवढ्यानेही नॅनो सिद्ध होत नाही. पातळ दुधातही तो दिसतो. जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या सरांना विनंती करून यूव्ही-व्हिजिबल आलेख, म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं त्याचा आलेख, काढून घ्या. चांदीच्या नॅनोकणांचा उंचवटा साधारण 400 ते 450 नॅनोमीटरच्या आसपास येतो.

मिसळताच पांढरट गढूळपणा आला? बहुतेक वेळा नळाचं पाणी वापरलेलं असतं. त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो. डिस्टिल्ड वॉटरच घ्या, काचेची भांडीही त्यानेच विसळा. रंगच येत नसेल तर द्रावण थोडं कोमट करून पाहा. सिल्व्हर नायट्रेट गडद बाटलीत ठेवा. हातमोजे आणि गॉगल हवेतच. कातडीवर पडलेला काळा डाग कित्येक दिवस जात नाही. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. चांदी पाण्यातल्या जिवांना घातक असते.

शेतातली चूक महाग पडते. 2021 मध्ये इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेचा नॅनो युरिया हे द्रवरूप खत आलं, तेव्हा 500 मिलीची बाटली युरियाच्या एका पोत्याच्या बरोबरीची, असा प्रचार झाला. त्या बाटलीत नत्र होतं 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. 45 किलोच्या पोत्यात 20 किलोहून जास्त असतं. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत नत्राची मात्रा निम्मी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गहू आणि भात दोन्हींचं उत्पादन घटलं. मला तरी या आकड्यांपुढे पोतं बंद करण्याचा सल्ला धोक्याचा वाटतो. पेरणीच्या वेळचा बेसल डोस तर कापूच नका. तो कमी करायला इफ्कोही सांगत नाही.

वापरायचाच तर लेबलवरचं प्रमाण बघा आणि पीक पानांनी भरल्यावरच फवारा, कारण हे खत पानांतून जातं. जुन्नर असो की शिरूर, चार सऱ्या नेहमीच्या खतावर सोडा आणि काढणीला दोन्हीकडचा माल वेगळा तोला.