क्लिक करणाऱ्याला ओरडू नका: ऑफिसच्या सायबर सुरक्षेत या चुका टाळा

सकाळी अकराला एका सहकाऱ्याने बनावट मेलमधली लिंक उघडून पासवर्ड टाकला. आम्हा आयटीवाल्यांना कळलं संध्याकाळी सहाला, तेही त्याच्या नावाने ग्राहकांना खोटी बिलं जायला लागली म्हणून. लगेच का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तो म्हणाला, "मागच्या महिन्यात फिशिंगच्या चाचणीत सापडलेल्यांची यादी तुम्ही सगळ्यांना मेल केली होतीत ना?" त्यावर बोलायला आमच्याकडे काही नव्हतं. ते सात तास आमच्याच खात्यावर.

नावं जाहीर करणं

फिशिंगची चाचणी, म्हणजे आपणच बनावट मेल पाठवून कोण फसतं ते बघणं, जरूर घ्या. पण किती जणांनी क्लिक केलं एवढंच बघत बसलात, तर लोक क्लिक करतच राहतात आणि वर गप्प बसायला शिकतात. त्यापेक्षा किती जणांनी कळवलं आणि पहिली खबर किती मिनिटांत आली, ते मोजा. कळवायची जागा एकच ठेवा: मेलमधलं एक बटण किंवा एक फोन नंबर. लांबलचक फॉर्म दिलात तर तो कोणी भरणार नाही. आणि संशय खोटा निघाला तरी कळवणाऱ्याला दोन ओळींचं उत्तर जाऊ द्या.

महिन्या-महिन्याला पासवर्ड बदलायला लावणं

हा माझा सर्वांत नावडता नियम. एकदा एकीचा कीबोर्ड बदलताना खाली चिठ्ठी सापडली: 'जानेवारी@१' खोडलेलं, त्याखाली 'फेब्रुवारी@२' खोडलेलं, त्याखाली 'मार्च@३'. एप्रिलचा पासवर्ड ओळखायला हॅकर कशाला हवा! बाईंना आळशी ठरवणं सोपं होतं, पण त्यांच्या डोक्यावर असे नऊ पासवर्ड होते.

हा सल्ला रुजवला तो अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २००४ मधल्या मार्गदर्शिकेने. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल उघड खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टनेही भूमिका बदलली: ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच लावा. तेव्हा लांब पासवर्ड चालू द्या आणि सगळे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, कंपनीनेच पुरवा. चिठ्ठ्या आपोआप कमी होतात.

'मंजूर' दाबायची सवय लावणं

दिवसातून दहादा मोबाइलवर 'तुम्हीच लॉगिन करताय ना?' विचारलं, की अकराव्यांदा बोट न वाचताच 'हो' दाबतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटदाराबाबत असंच झालं. पासवर्ड हल्लेखोराच्या हाती लागला होता. तो पुन्हा पुन्हा लॉगिन करत राहिला, सूचना येत राहिल्या आणि अखेर एक मंजूर झाली. यावर उपाय म्हणजे लॉगिनच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा मोबाइलवरच्या ॲपमध्ये टाकायला लावणं. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून आपल्या ॲपच्या सूचनांसाठी ही पद्धत सक्तीची केली. आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते: आपण लॉगिन करत नसताना सूचना आली, तर आपला पासवर्ड बहुधा आधीच दुसऱ्याकडे पोचलाय.

अपडेट 'नंतर'वर ढकलू देणं

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा 'वॉनाक्राय' हा व्हायरस मे २०१७ मध्ये जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ऐन मीटिंगमध्ये रीस्टार्ट मागितलात तर कोणीही 'नंतर'च दाबणार. वेळ रात्रीची ठेवा.

पासवर्ड बदलला की काम झालं असं समजणं

क्लिक झालंच, तर पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला आणि त्या खात्याची सगळीकडची लॉगिन तोडा, कारण नुसता पासवर्ड बदलून आधीची लॉगिन बंद होतीलच असं नाही. मेलसोबतची फाइल उघडली गेली असेल तर नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय तोडा, पण मशीन बंद करू नका. बंद केलं की मेमरीतला पुरावा जातो. मग मेलबॉक्सचे नियम तपासा. वरच्या सहकाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये आम्हाला एक नियम सापडला: विषयात 'बिल' असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलून तेव्हा तीन दिवस झाले होते.