कॅटलॉग आणि स्ट्रीमिंगचा शोध जोडताय? या चुका टाळा

ग्रंथालयात डीव्हीडी आहे का, नसेल तर तो चित्रपट कुठल्या स्ट्रीमिंगवर मिळेल, हे एकाच शोधात दाखवायचं. ऐकायला दोन दिवसांचं काम. जोडणी होतेही दोन दिवसांत. मग कोणीतरी तार्कोव्हस्कीचा 'सोलारिस' शोधतं आणि समोर येतो सोडरबर्ग या दुसऱ्या दिग्दर्शकाचा त्याच नावाचा.

पहिला 1972चा, दुसरा 2002चा. आता समजा, तुमच्याकडे पहिल्याची 2002 साली निघालेली डीव्हीडी आहे. मार्क 21 (ग्रंथालयांच्या नोंदींचा प्रमाण साचा) नोंदीच्या 260 किंवा 264 फील्डमधलं, म्हणजे त्या क्रमांकाच्या रकान्यातलं, वर्ष हे डिस्क बाजारात आल्याचं वर्ष असतं. प्रोग्रामने नाव पडताळलं, वर्ष पडताळलं, दोन्ही तंतोतंत जुळलं, आणि उत्तर साफ चुकलं. ग्रंथालय नोंद करतं ती हातातल्या डिस्कची, स्ट्रीमिंगवाले करतात ती चित्रपटाची. पुढच्या बहुतेक चुका याच फटीतून आत येतात.

वर्ष कुठून घ्यायचं

008 फील्ड उघडा. त्यातल्या घरांची, म्हणजे अक्षरांच्या जागांची, मोजणी शून्यापासून असते, हे विसरलात तर सगळंच एका घराने सरकतं. 6 क्रमांकाच्या घरात 'पी' (p) असेल तर 7 ते 10 या घरांत डिस्कचं वर्ष आणि 11 ते 14मध्ये मूळ निर्मितीचं वर्ष असतं. तुम्हाला हवं ते दुसरं. पण डिस्कवर मुलाखती वगैरे जादा मजकूर असला की कॅटलॉगर अनेकदा तिला नवी आवृत्ती धरून त्या घरात 'एस' (s) लिहितात, आणि मग मूळ वर्ष 046 फील्डमध्ये किंवा 500च्या टिपेत जाऊन बसतं. तेही सापडलं नाही तर वर्ष कोरं ठेवा. डिस्कचं वर्ष तिथे घुसडू नका.

याच 008मध्ये 18 ते 20 या घरांत लांबी मिनिटांत दिलेली असते. ती फारसं कोणी वापरत नाही, आणि मला तर ती वर्षापेक्षा भरवशाची वाटते. जुना 'सोलारिस' पावणेतीन तासांच्या आसपास, नवा पावणेदोनच्याही आत. गोंधळाला जागाच नाही. फक्त दोन-चार मिनिटांच्या फरकाने जोडी मोडू नका. पाल या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला 24ऐवजी 25 फ्रेम धावतात, त्यामुळे तोच चित्रपट सुमारे 4 टक्के लवकर संपतो.

नाव साफ न करता शोधणं

245 फील्डमधलं नाव जसंच्या तसं स्ट्रीमिंगच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीला) पाठवलं की काही सापडत नाही, कारण त्याच्या शेपटाला तिरकी रेघ किंवा अपूर्णविराम लटकलेला असतो. जुन्या नोंदींत 'व्हिडिओरेकॉर्डिंग' हा शब्दही चौकोनी कंसात असतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013मध्ये आरडीए हे नोंदणीचे नवे नियम स्वीकारल्यापासून ही माध्यमाची माहिती 336 ते 338 फील्डमध्ये गेली. पण जुन्या नोंदी जशा होत्या तशाच आहेत, त्यामुळे दोन्ही तऱ्हा सांभाळाव्या लागतात.

परभाषिक चित्रपटांत मुख्य नाव ठरीव नियमाने रोमन अक्षरांत लिहिलेलं असू शकतं. 'सोलारिस'चं रशियन नाव त्या पद्धतीने 'सोल्यारिस'सारखं होतं आणि ओळखीचं नाव 246मध्ये जातं. मूळ लिपीतलं नाव असलंच तर 880मध्ये मिळेल. तिन्ही घेऊन शोधा. शोधण्याआधी युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) एकच रूप ठरवा, नाहीतर डोळ्यांना सारखी दिसणारी दोन नावं यंत्राला वेगळी वाटतात.

क्रमांकांवर आंधळा विश्वास

डिस्कवरचा बारकोड 024मध्ये असतो, पण तो त्या डबीचा क्रमांक. स्ट्रीमिंगला त्याचं काय? त्यापेक्षा एकदा आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीसंचातला क्रमांक मिळवा आणि कायमचा साठवा. विकिडेटा या खुल्या माहितीसंचावर चित्रपटाच्या पानात तो पी 345 या गुणधर्माखाली असतो, टीएमडीबी या चित्रपटांच्या दुसऱ्या माहितीसंचाचा पी 4947खाली. टीएमडीबीत चित्रपट आणि मालिका यांचे क्रमांक वेगवेगळ्या रांगांतले आहेत. एकच आकडा दोन्हीकडे असू शकतो, म्हणून क्रमांकाशेजारी प्रकारही साठवा. एका डिस्कवर दोन चित्रपट असतील तर एका नोंदीला दोन क्रमांक लागणार. तक्ता आखतानाच ही सोय ठेवा.

'उपलब्ध' म्हणजे नक्की काय

टीएमडीबी देते ती उपलब्धतेची माहिती जस्टवॉच या स्ट्रीमिंग शोधसेवेकडून येते. त्यांचा नामोल्लेख करणं बंधनकारक आहे. ती देशागणिक बदलते आणि वर्गणीत, भाड्याने, विकत अशी विभागलेली असते. सगळ्याला सरसकट 'पाहा' असं बटण लावलंत की वाचकाला पैसे मागणारं पान उघडतं आणि शिव्या ग्रंथपालाला बसतात. देश निवडू द्या, प्रकार लिहा, आणि माहिती कधी तपासली तो दिनांकही दाखवा.

विचारणा वाचकाच्या ब्राउझरमधून थेट बाहेर जाऊ देऊ नका. तो काय शोधतो हे त्याच्या आयपी पत्त्यासकट तिसऱ्याला कळतं. मध्ये आपला सर्व्हर ठेवा.

कॅनोपीसारख्या स्ट्रीमिंग सेवा ग्रंथालयामार्फतच चालतात आणि त्यांच्या नोंदी कॅटलॉगमध्ये एकगठ्ठा चढवल्या जातात, 856 फील्डमधल्या दुव्यासह. परवाना संपतो, चित्रपट जातो, नोंद मात्र राहते. तुमचा शोध ती नोंद पाहून आनंदाने 'आपल्याकडे आहे' म्हणतो. वगळलेल्या नोंदींची यादी पुरवठादाराकडून दर महिन्याला मागवा, आणि ती हाती येईपर्यंत 856च्या दुव्यांची तपासणी रात्री आपोआप चालू ठेवा.