इलेक्ट्रिक भट्टी जास्त तापतेय? आधी कोन लावा, मग सेटिंगला हात लावा

मातीची भांडी भाजायच्या भट्टीत ग्लेझ (भांड्यांवरचा काचेसारखा लेप) ओघळून शेल्फला चिकटलं, वाडगे बसले, मातीला फोड आले की बरेच जण सरळ कंट्रोलरची सेटिंग बदलत सुटतात. प्लीज असं करू नका. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे थर्मोकपलच्या (भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या तारेच्या) टोकाशी असलेलं तापमान, बास, भांड्यांना एकूण किती उष्णता मिळाली ते कळतं फक्त कोनवरून (भांड्यांजवळ ठेवायचे छोटे सुळके, ठराविक उष्णता मिळाली की वाकतात, नंबर मोठा तितकी उष्णता जास्त), कारण कोन तापमान आणि वेळ दोन्ही मोजतो. म्हणजे बघा, शेवटच्या टप्प्यात तासाला 60 डिग्रीने चढवलं तर ऑर्टन ब्रँडचा मोठा 6 नंबरचा कोन साधारण 1222 सेल्सिअसला वाकतो, तासाला 150 ने चढवलं तर त्याला 1240 च्या आसपास लागतात.

तर पुढच्या फायरिंगला 5, 6, 7 असे तीन कोन ओळीने लावा, वरच्या, मधल्या आणि खालच्या, तिन्ही शेल्फवर. (6 ला भाजत असाल तर, नाहीतर तुमचा नंबर आणि त्याच्या आजूबाजूचे दोन.) भट्टी पूर्ण गार झाली की बघा. 5 आडवा पडलाय, 6 चं टोक वाकून बुडाच्या लेव्हलला आलंय आणि 7 जेमतेम झुकलाय, तर भट्टी बरोबर आहे आणि दोष ग्लेझचा आहे, बहुतेक थर जाड बसलाय. 7 पण लोळलाय तर मात्र खरंच जास्त भाजलंय. फक्त वरच्याच शेल्फवर लोळला असेल तर प्रश्न वर-खाली उष्णता सारखी न पोचण्याचा, त्याला भरणी बदलून बघा.

आता कारणं. सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं म्हणजे होल्ड, म्हणजे टॉप टेंपरेचरला भट्टी थांबवून ठेवायचा वेळ. 15-20 मिनिटांचा होल्ड टाकला आणि टॉप टेंपरेचर तेच ठेवलं तर जवळजवळ एक कोन पुढे जाऊ शकतं, मग टॉप थोडं खाली घ्यायलाच हवं. दुसरं थर्मोकपल. के टाइपचा थर्मोकपल जुना होत गेला की बहुतेक वेळा खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवतो, कंट्रोलर बिचारा अजून तापवत बसतो. मेन स्विच बंद करून भट्टी गार असताना बघा, टोक भिंतीतून साधारण इंचभर आत आलेलं पाहिजे, मागे सरकून विटेत दडलं असेल तरी रीडिंग कमीच येणार. टोकाला पापुद्रे सुटलेत, तार बारीक झालीय असं दिसलं तर बदलून टाका, ऑफसेट (कंट्रोलरच्या रीडिंगमध्ये टाकलेली दुरुस्ती) देऊन मेलेला थर्मोकपल चालवत बसण्यात अर्थ नाही. नवीन बसवताना टाइप जुळतोय ना ते नक्की तपासा, एस टाइपचा थर्मोकपल लावून कंट्रोलर के वर ठेवला तर रीडिंग खूपच कमी येतं आणि भट्टी भयानक तापते.

रिले (एलिमेंट, म्हणजे तापणाऱ्या तारा, चालू-बंद करणारा स्विच) अडकला असेल तर ते जास्त गंभीर. चालू भट्टीजवळ उभं राहिलं की टक टक आवाज येत असतो ना, तो मेकॅनिकल रिलेचा. त्याचे कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले की कंट्रोलरने बंद सांगितलं तरी एलिमेंट चालूच राहतात. प्रोग्राम संपलाय आणि तापमान तरी चढतंय असं दिसलं की विचार करत बसू नका, डायरेक्ट ब्रेकर पाडा, आणि झाकण उघडू नका. रिले इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्या. सॉलिड स्टेट रिलेला आवाज नसतो पण तो खराब झाला की बरेचदा चालू अवस्थेतच अडकतो, त्यामुळे तिथे नजर जास्त ठेवावी लागते.

सिटरवाली (आतला छोटा कोन वाकला की दांडी पडून आपोआप बंद होणारी) जुनी भट्टी असेल तर छोटा कोन बरोबर नंबरचा आहे ना, दांडी नळीत घासत नाहीये ना, ग्लेझचा तुकडा अडकलेला नाहीये ना एवढं बघा, आणि टायमर अंदाजे वेळेच्या अर्धा तास पुढेच लावा, उगाच चार तास पुढे नको.

हे सगळं नीट असूनही तिन्ही शेल्फवर कोन सारखेच पुढे जात असतील तरच ऑफसेट द्या. प्लस द्यायचा की मायनस हे कंट्रोलरप्रमाणे बदलतं, मॅन्युअल वाचून द्या. एका वेळी एकच बदल, थोडाच, आणि परत कोन लावून फायरिंग, तेही महत्त्वाची भांडी न भरता, आणि शेवटच्या तासाभरात भट्टीजवळच थांबा.