जुन्या जीपला डिझेल इंजिन: सेंटर जुळवण्यापासून पहिल्या सेल्फपर्यंत

महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपचं २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन दमलं, की बहुतेकांची नजर डिझेलकडे वळते. २,११२ सीसीचं प्युजो एक्सडीपी किंवा २,५२३ सीसीचं एमडीआय ही नेहमीची निवड. इंजिन चासीत उतरवणं फारसं अवघड नाही. कस लागतो तो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात.

त्याही आधी आरटीओ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि इंजिन व इंधन बदलायला आधी मंजुरी लागते. ती मिळत नसेल तर मूळ इंजिनच रिबोअर करून घ्या.

इंजिन घेताना त्याचं फ्लायव्हील, सेल्फ, फाउंडेशन (इंजिन चासीवर बसवायचे आधार) आणि फिल्टर त्याच गाडीचे मागा. जुनं इंजिन काढण्यापूर्वी पंख्यापासून रेडिएटरचं अंतर, क्रँक पुलीची चासीपासूनची उंची आणि इंजिनचा उतार मोजून लिहून ठेवा.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे बोल्ट जुळत नसल्याने मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट, म्हणजे दोन्हीकडची भोकं असलेली जोडपट्टी, येते. तिच्या जाडीइतका गिअरबॉक्स मागे सरकतो, त्यामुळे इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बुशपर्यंत (शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ती धातूची छोटी नळी) पोचतं का ते डेप्थ गेजने, म्हणजे खोली मोजायच्या मापकाने, मोजा. पोचत नसेल तर लेथवर गनमेटलचा लांब बुश करून घ्या. जुना बुश काढायची सोपी युक्ती: भोकात ग्रीस ठासून भरा, बुशात घट्ट बसेल असा गज घालून हातोडीने ठोका. ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर येतो. क्लच प्लेट शाफ्टच्या दात्यांवर पूर्ण बसते का, हेही याच वेळी बघा.

आता सेंटर, म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एकाच रेषेत आणणं. प्लेट आणि बेलहाऊसिंग (क्लचभोवतीचं आवरण, ज्याला गिअरबॉक्स जोडतात) बोल्टांनी हलकं आवळा. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला लागणारे हीटर), ते नसतील तर इंजेक्टर काढून टाका, म्हणजे कॉम्प्रेशन आडवं न येता क्रँक हाताने फिरतं. डायल गेजचा (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापक) स्टँड फ्लायव्हीलवर बसवा, टोक बेलहाऊसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि एक पूर्ण फेरी द्या. काटा एकूण ०.४० मिमी फिरला तर सेंटर त्याच्या निम्मं, म्हणजे ०.२० मिमी सरकलेलं आहे. हाऊसिंग हलकेच ठोकून सरकवा, पुन्हा फिरवा. काट्याची एकूण हालचाल ०.२० मिमीच्या आत आली की बोल्ट पक्के करा, पुन्हा एकदा तपासा, आणि त्याच जागी भोकं पाडून दोन डोवेल पिना (जागा पक्की ठेवणाऱ्या घट्ट खिळ्या) बसवा. मग गेजचं टोक हाऊसिंगच्या तोंडावर, म्हणजे गिअरबॉक्स टेकतो त्या सपाट बाजूवर, टेकवून तेही सरळ आहे का बघा. डोवेल टाळू नका. बोल्टाच्या भोकात ढिलाई असते, पुढे क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवला की सगळी जुळणी जाते. सेंटर चुकलं तर क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर खरखरतो, काही दिवसांत पायलट बुश झिजतो आणि मागोमाग इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करू लागतं. अशा वेळी लोक क्लच प्लेटला दोष देतात आणि नवी प्लेट टाकून पैसे घालवतात.

इंजिन-गिअरबॉक्स जोडूनच चेन कप्पीने उतरवा. फाउंडेशनच्या पट्ट्या फक्त टॅक करा, म्हणजे वेल्डिंगचे एक-दोन ठिपके द्या. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना समोरचा अ‍ॅक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (अ‍ॅक्सल वर येऊन जिथे अडतो तो रबरी ठोकळा) उचलून बघा: ऑइल चेंबर आणि अ‍ॅक्सलमध्ये किमान २५ मिमी जागा हवी. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या पाट्या (स्प्रिंग) दबतात. पूर्ण वेल्डिंगच्या आधी फाउंडेशनचे रबर काढा, बॅटरीची वायर सोडा.

डिझेलला रिटर्न पाइप (उरलेलं डिझेल परत नेणारा) लागतो, तो टाकीपर्यंत न्या. पेट्रोलची टाकी आतून धुऊन गाळ काढा. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरू नका, डिझेल जस्ताशी जमत नाही. इंजिन बंद करायला स्टॉप केबल हवी, नुसती चावी फिरवून ते थांबत नाही. सिस्टिम ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्ट करा, ८० अँपिअर-तासाच्या आसपासची बॅटरी आणि जाड वायर घ्या. इंजिनपासून चासीपर्यंत अर्थची पट्टी विसरलात तर सेल्फचा करंट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल लाल होऊन जळते.

डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा आधी डिझेल फिल्टरपाशी काढा, मग पंपाच्या स्क्रूपाशी, शेवटी इंजेक्टरचे नट सैल करून सेल्फ मारा. डिझेल बुडबुड्यांशिवाय यायला लागलं की नट आवळा.

मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ५.३८ चंच असेल (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या) तर ६.००-१६ च्या टायरवर इंजिनच्या मिनिटाला २,५०० फेऱ्यांना टॉप गिअरमध्ये ताशी साधारण ६० किमी मिळतात. घाट आणि चिखलासाठी हे उत्तम, पण हायवेवर याहून जास्त पळवायचं असेल तर अ‍ॅक्सलचं गुणोत्तर आधी बदला, नाहीतर इंजिन कायम किंचाळत राहील.