विद्यापीठाचे डिजिटल साहित्य सुगम्य करताना या चुका टाळा

अध्ययन साहित्य सुगम्य करण्याचे, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांनाही वापरता येईल असे करण्याचे काम अनेकदा अगदी शेवटी, पीडीएफ तयार झाल्यावर हाती घेतले जाते आणि बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. शीर्षके, तक्ते आणि चित्रांची वर्णने ही रचना मूळ वर्ड किंवा पॉवरपॉइंट फाइलमध्ये केलेली असेल, तर ती पीडीएफमध्ये उतरते. तयार पीडीएफवर एकेक टॅग (हा भाग शीर्षक, तक्ता की चित्र, हे सांगणारी अदृश्य खूण) लावत बसणे हे कितीतरी अधिक वेळखाऊ काम आहे. मात्र मूळ फाइल नीट असूनही ‘प्रिंट’च्या मार्गाने पीडीएफ काढली, तर हे टॅग सहसा गळून पडतात. त्यासाठी ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्सपोर्ट’ वापरावे.

स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) गप्प राहतो किंवा निरर्थक अक्षरे वाचतो, ही नेहमीची तक्रार आहे. तिचे निदान करण्यासाठी फाइलमधील एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. मजकूर निवडताच येत नसेल, तर ते पान बहुधा स्कॅन केलेले चित्र असते. त्यावर ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे) करावे लागते आणि त्यानंतर जोडाक्षरे, आकडे व तळटीपा कोणीतरी नजरेखालून घालाव्याच लागतात. देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला, तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणारी युनिकोड पद्धत न वापरणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, म्हणजे पडद्यावर मराठी दिसत असली तरी फाइलमध्ये ती साठवलेलीच नाही. असा मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासावा. युनिकोड असूनही उच्चार विचित्र येत असतील, तर दस्तऐवजाची भाषा इंग्रजीच राहिली आहे का, ते पाहावे.

अक्षरे ठळक आणि मोठी केल्याने शीर्षक तयार होत नाही. हेडिंग स्टाइल (वर्डमधील शीर्षकाची तयार शैली) न वापरल्यास दृष्टिहीन विद्यार्थ्याला दीडशे पानांच्या टिपणांत हवे ते प्रकरण गाठण्यासाठी सारे ऐकत जावे लागते, आणि परीक्षेच्या तोंडावर हा त्याच्यावर अन्याय आहे. चित्राच्या पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) ‘आलेख १’ एवढेच लिहिणेही असेच निरुपयोगी ठरते. आलेखातून शिकवायचा निष्कर्ष तिथे शब्दांत यायला हवा.

रंगसंगतीबाबत डब्ल्यूसीएजी २.१ या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची एए ही मधली पातळी साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ इतका कॉन्ट्रास्ट (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक) मागते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे या कसोटीला उतरत नाहीत. व्याख्यानांच्या चित्रफितींना आपोआप तयार झालेली कॅप्शन्स तशीच ठेवू नयेत, कारण नेमक्या पारिभाषिक संज्ञा आणि विशेषनामे तिथे चुकतात.

स्वयंचलित तपासणीत एकही त्रुटी न निघणे हा सुगम्यतेचा पुरावा नव्हे. पर्यायी मजकूर आहे की नाही, हे ते साधन सांगते. तो बरोबर आहे का, हे त्याला ठरवता येत नाही. त्यामुळे अपलोड करण्यापूर्वी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर लावून, माउसला हात न लावता फाइल एकदा ऐकावी. टॅब कळ दाबताना प्रत्येक दुव्यावर ‘येथे क्लिक करा’ एवढेच ऐकू आले, तर दुव्याचा मजकूर बदलून ‘दुसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम, पीडीएफ’ असा नेमका लिहावा.