टॅबला वाय-फाय जोडताना: आधी दिवे बघा, मग सेटिंगला हात लावा

मागच्या चवथीला आमच्या डिचोलीच्या मूळ घरात एकवीस माणसं जमली होती आणि फोन त्याहून जास्त. आरत्या झाल्या, पंगत उठली, आणि बाबा टॅब घेऊन पडवीतल्या आरामखुर्चीत बसले. दोनच मिनिटांत हाक आली, "अरे, पेपर उघडत नाही!" बाबा टॅबवरच पेपर वाचतात, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून. मी तडक उठलो, राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली आणि दहा सेकंद दाबून धरली. घरात सगळ्यांना वाटलं, याला बरंच कळतं.

राउटर कोरा झाला. वाय-फायचं नाव-पासवर्ड तर गेलंच, पण लाइन लावताना कंपनीच्या माणसाने आत भरलेलं युजरनेमही गेलं, आणि ते आमच्याकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सणाचे दिवस, माणूस उगवला चौथ्या दिवशी. त्याने राउटर पुन्हा भरला आणि सहज सांगितलं, की या राउटरवर एका वेळी वीसच उपकरणं जोडता येतात. म्हणजे दोन भाच्यांच्या फोनचं वाय-फाय बंद केलं असतं तर बाबांचा पेपर उघडला असता.

तेव्हापासून मी एक क्रम पाळतो. नेट टॅबपर्यंत दोन टप्प्यांत येतं: कंपनीपासून राउटरपर्यंत तारेने, आणि राउटरपासून टॅबपर्यंत हवेतून. बिघाड कुठल्या टप्प्यात आहे हे कळेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. टाचणीला तर नाहीच.

पहिल्यांदा जोडताना

हे सोपं आहे. सॅमसंगच्या टॅबवर सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन्स' आणि त्यात वाय-फाय. इतर बहुतेक अँड्रॉइडवर 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये. आयपॅडवर सेटिंग्ज उघडताच डाव्या बाजूला. वाय-फाय चालू करा, यादीतलं आपल्या घराचं नाव दाबा, पासवर्ड घाला. नाव आणि पासवर्ड कधी बदललं नसेल तर दोन्ही राउटरच्या खालच्या किंवा मागच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. वाकून वाचण्यापेक्षा फोनने त्या चिठ्ठीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा.

लोक अडकतात ते पासवर्डावर. त्यातला नेहमीचा घोळ असा: मुलगा पुण्याहून व्हॉट्सअ‍ॅपवर पासवर्ड टाइप करून पाठवतो. फोनचा कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपणहून कॅपिटल करतो, मुलाच्या ते लक्षात येत नाही. आई तो जसाच्या तसा कॉपी करते, कधी शेवटी एक रिकामी जागाही सोबत येते. टॅब म्हणतो पासवर्ड चुकीचा, आई म्हणते मी तर बघून घातला. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून पासवर्डच्या चौकटीजवळचं डोळ्याचं चिन्ह दाबा आणि अक्षरं उघडी करून एकेक ताडून बघा: शून्य की ओ, एक की एल.

याहून बरा उपाय म्हणजे क्यूआर कोड. ज्या अँड्रॉइड फोनवर वाय-फाय चालू आहे (अँड्रॉइड १० किंवा त्यानंतरचा), त्यात वाय-फायच्या नावावर जाऊन 'शेअर' दाबलं की कोड येतो. टॅबच्या वाय-फाय यादीच्या तळाशी कोड वाचायचं छोटं चिन्ह असतं. आयपॅडला नुसता कॅमेरा पुरतो. एक अक्षरही टाइप करावं लागत नाही.

यादीत एकाच घराची दोन नावं दिसली आणि एकाच्या शेवटी '५जी' असेल, तर त्याचा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. पाचवाला वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरतो. २.४ वाला सावकाश, पण लांब पोचतो. काही स्वस्त आणि जुन्या टॅबना पाचवाला दिसतच नाही. तेव्हा "फोनमध्ये नाव दिसतं, टॅबमध्ये दिसत नाही" याचं कारण बहुधा एवढंच असतं.

चिऱ्याची भिंत

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. आमच्यासारख्या जुन्या घरांत मात्र अर्ध्या तक्रारींचं मूळ इथे असतं. राउटर कंपनीचा माणूस लावतो तो दर्शनी खोलीत, कारण तार तिथून आत येते. मग मध्ये राजांगण, त्याच्या पलीकडे खोल्या, आणि शेवटी स्वयंपाकघर. प्रत्येक भिंत दीड-दोन फूट जाडीची, चिऱ्याची. चिरा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात ओल धरतो, आणि वाय-फायच्या लहरी पाणी शोषून घेतं. म्हणून मे महिन्यात मधल्या खोलीत चालणारं नेट जुलैत तिथेच रखडतं. टॅब तोच, राउटर तोच. भिंत बदललेली असते.

लहरी भिंतीतून जाण्यापेक्षा दारातून सहज जातात. म्हणून राउटर कोपऱ्यात टेबलाखाली न ठेवता आतल्या खोल्यांकडे उघडणाऱ्या दाराच्या चौकटीच्या वर, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच लावा. लोखंडी कपाटाच्या मागे, फ्रिजच्या शेजारी, आरशामागे, माशांच्या टाकीजवळ ठेवू नका. आमच्याकडे तो शोकेसमध्ये पितळी समयांच्या मागे ठेवला होता, दिसायला बरा दिसत नाही म्हणून. तिथून काढून चौकटीवर चढवला तर माजघरात एका रेषेच्या तीन झाल्या.

मायक्रोवेव्हही लक्षात ठेवा. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे वाय-फायच्या २.४ च्या पट्ट्यातच. ऐन व्हिडिओ कॉलमध्ये कुणी कालचं हुमण गरम करायला ठेवलं की समोरच्याचा चेहरा थिजतो आणि दोन मिनिटांनी परत हलायला लागतो. पाचच्या पट्ट्यावर गेलं की हा त्रास संपतो.

एवढं करूनही मागच्या खोलीत पोचत नसेल, तर बाजारातला एक्स्टेंडर आणण्याआधी विचार करा. लोक तो जिथे नेट येत नाही त्याच खोलीत लावतात. पण तिथे सिग्नलच नसेल तर तो वाढवणार काय? तो अर्ध्या वाटेवर हवा, जिथे अजून चांगल्या रेषा आहेत तिथे. माझ्या मते लांबलचक घराला खरा इलाज म्हणजे कौलांखालच्या वाशांना धरून एक लॅनची तार (राउटरमधून नेट पुढे नेणारी) मागच्या खोलीपर्यंत ओढायची आणि तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेने आलेलं नेट तिथे हवेत पसरवायला, लावायचा. एकदाचा खर्च, नंतर कटकट नाही.

रेषा पूर्ण, पण काहीच उघडत नाही

वाय-फायच्या रेषा फक्त टॅब आणि राउटर यांच्यामधला सिग्नल किती जोरात आहे ते सांगतात. राउटरच्या पुढे कंपनीचं नेट येतंय की नाही, त्याच्याशी त्यांचा संबंध नाही. 'कनेक्टेड, नो इंटरनेट' असं दिसलं तर पहिली तपासणी फोनवर करा, पण फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करून. हे विसरलं की फसगत होते: वाय-फायवर नेट नसलं की फोन गुपचूप सिमच्या नेटवर जातो, आणि आपल्याला वाटतं फोनवर वाय-फाय चालतंय, टॅबच बिघडलाय. बिनसिमच्या टॅबला ही पळवाट नसते.

फोनवरही नसेल तर टॅब निर्दोष. राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर, म्हणजे कंपनीची प्रकाशावर चालणारी काचेची तार जिथे येते त्यावर, 'पॉन' (PON) लिहिलेला दिवा स्थिर हवा आणि 'लॉस'चा (LOS) दिवा विझलेला. लॉसचा दिवा तांबडा लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. माडाचं चुडत पडून तार तुटलेली असते, नाहीतर कपाट सरकवताना मागची बारीक पिवळी तार दुमडलेली असते. तार फार वाकलेली दिसली तर हलक्या हाताने सैल करा. बाकी इथे राउटर बंद-चालू करून काही होत नाही. कंपनीला फोन करा.

दिवे ठीक असतील तर मग बंद-चालू. राउटरचं बटण सॉकेटवरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि दिवे शांत होईपर्यंत, म्हणजे तीनेक मिनिटं, वाट बघा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबा, तो स्थिरावला की राउटर.

सगळ्यांचं चालतं, फक्त टॅबचं नाही

आता टॅबकडे वळायचं. वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करा. नाही जमलं तर टॅबच रिस्टार्ट करा. मग तारीख बघा. हसू नका. कपाटात महिनोन्‌महिने पडलेला टॅब पूर्ण उतरला की कधीकधी त्याचं घड्याळ मागे जातं. साईटचं सुरक्षेचं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, तारीख चुकली की टॅब ते नाकारतो, आणि नेट असूनही प्रत्येक पानावर धोक्याची सूचना येते. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा.

त्यानंतर 'फरगेट'. यादीतल्या आपल्या वाय-फायच्या नावाशेजारचं चक्र किंवा 'आय' दाबून टॅबला ते नाव विसरायला लावा आणि पासवर्ड घालून नव्याने जोडा. कुणी राउटरचा पासवर्ड बदलला असेल आणि टॅब जुन्याच पासवर्डाने दार ठोठावत असेल तर याने काम होतं. टॅब 'ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस'वरच, म्हणजे राउटरकडून आपला पत्ता मिळायची वाट बघत घुटमळत असेल, तर आमच्या चवथीची गोष्ट आठवा आणि दोन-चार फोन वाय-फायवरून उतरवून बघा. गर्दीच्या घरात हे सगळ्यात आधी करायला हरकत नाही.

नातवंडांनी टॅब हाताळला असेल तर आणखी दोन जागा बघा. जाहिराती अडवायला किंवा खेळासाठी घातलेलं व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमधून फिरवून आणणारं अ‍ॅप), आणि अँड्रॉइडमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' (साईटचं नाव कुठे शोधायचं ते ठरवणारी सेटिंग). डीएनएसमध्ये कुठला तरी पत्ता लिहून ठेवलेला असतो. तो पत्ता बंद पडला की रेषा पूर्ण असूनही एकही साईट उघडत नाही. व्हीपीएन बंद, डीएनएस 'ऑटोमॅटिक'वर.

नवा राउटर आला आणि जुना टॅब जोडलाच जात नसेल, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे वाय-फायच्या कुलपाच्या नव्या पद्धतीवर, असू शकते. २०१८ च्या आधीच्या टॅबना ती सहसा कळत नाही. कंपनीच्या माणसाला सांगून ती डब्ल्यूपीए२ आणि ३ अशी मिश्र करून घ्या.

शेवटचा उपाय टॅबवरचा नेटवर्क रिसेट. आयपॅडवर 'जनरल', त्यात सर्वात खाली 'ट्रान्सफर ऑर रिसेट', मग 'रिसेट' आणि 'रिसेट नेटवर्क सेटिंग्ज'. सॅमसंगवर 'जनरल मॅनेजमेंट'मधल्या 'रिसेट'मध्ये. याने साठवलेले वाय-फाय जातात, सॅमसंगवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, फोटो जात नाहीत. पण त्याच पानावर टॅब पुसून टाकायचा पर्यायही शेजारीच असतो. 'इरेज' किंवा 'फॅक्टरी' हा शब्द दिसला की बोट मागे घ्या.

लाईट आणि वीज

पावसात लाईट गेली की राउटरही जातो. बारा व्होल्टच्या राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा. गावात लाईट नसतानाही नेट चालेल का, हे कंपनीवर आहे. फायबर थेट कंपनीच्या केंद्रातून आली असेल तर वाटेत विजेची गरज लागत नाही. खांबावरच्या पेटीत विजेवर चालणारं यंत्र असेल तर यूपीएस असूनही नेट नाही. शेजारच्या माईंकडे चालतं आणि आपल्याकडे नाही, त्याचं कारण हे असू शकतं.

मे अखेरीला आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की अ‍ॅडॅप्टर सॉकेटमधून उपसून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काचेच्या फायबरमधून वीज येत नाही, पण विजेच्या आणि तांब्याच्या लॅन तारेतून येते. माजघरात लॅन ओढली असेल तर तिचंही टोक काढा.

आणि हे आजच करा: कंपनीचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, राउटरमध्ये भरलेलं युजरनेम आणि वाय-फायचा पासवर्ड एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. युजरनेम कंपनीकडून मागून घ्या, देतात. आमच्याकडे तो कागद आता कालनिर्णयच्या खिळ्याला टांगलाय. बाबांनी त्यावर स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: "टाचणी लावू नये."